पिवळ्या फाटकासमोरची गाडी

मास्तरांनी तिसरं चित्रही अर्धंच घरी आणलं, तेव्हा मास्तरीणबाईंची खात्रीच पटली की कुठेतरी पाणी मुरतंय.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. गावातली निम्मी माणसं त्यांच्या निळ्या गाडीत बसून क्लच दाबायला शिकली होती, आणि उरलेली निम्मी ती गाडी दिसली की वेळेवर बाजूला व्हायला शिकली होती. इतकी वर्षं शिकाऊ हातांत देऊनही गाडीला एक ओरखडा नव्हता, याचा मास्तरांना स्वतःच्या तब्येतीपेक्षा जास्त अभिमान. मास्तरीणबाई म्हणजे त्यांची बायको. त्यांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं, आणि गाडी तर त्या चालवतच नसत. लायसन्स होतं. लग्नानंतर मास्तरांनीच हौसेनं शिकवलं, बाई पहिल्या फटक्यात पास झाल्या, आणि त्याच संध्याकाळी घरी येताना चढावर गाडी बंद पडली म्हणून मास्तर असे खेकसले, की बाईंनी हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि त्या तरातरा चालत घरी आल्या. त्यानंतर त्यांची जागा ठरली ती मास्तरांच्या डाव्या हाताची. गाडीत डावीकडे, जेवायच्या टेबलाशी डावीकडे, बागेतल्या बाकावरही डावीकडेच. जागा लहान होती, पण हक्काची होती. आता ती हातची चालली आहे, असं त्यांना वाटू लागलं होतं.

आणि यात दोष कुणाचा, तर त्यांचा स्वतःचाच. वय झालं तशी मास्तरांनी शिकवणी बंद केली, टपावरची पाटी उतरवून माळ्यावर टाकली. स्टिअरिंग सुटलेला माणूस दिवसभर घरात बसून बायकोलाच गिअर बदलायला लावेल, या धास्तीनं बाईंनीच त्यांना चित्रकलेच्या क्लासला घातलं. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा!

क्लास घेणारी बाई चढावरच्या पिवळ्या फाटकाच्या घरात एकटी राहायची. आखूड कापलेले पांढरे केस, कानांत वाटीएवढी कर्णफुलं, आणि हसणं असं की रस्त्यापलीकडे ऐकू यावं. मास्तरीणबाईंनी मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं रंगबाई. ती ॲक्रिलिकचे रंग शिकवायची. पाण्यात कालवायचे आणि पटापट लावायचे, कारण ते बोलता बोलता वाळतात, आणि एकदा कॅनव्हासवर वाळले की पाण्यानं काय, शिव्या दिल्या तरी निघत नाहीत. मास्तरांना हे फार पटलं.

"हे आपल्या रस्त्यासारखं आहे बघ," ते म्हणाले. "झालेली चूक पुसता येत नाही. फार तर वरून दुसरा हात मारायचा."

त्यांचं पहिलं चित्र पूर्ण झालं ते बाईंनी कौतुकानं बाहेरच्या खोलीत लावलं. तळ्याकाठी उभी असलेली निळी गाडी, मागून पाहिलेली. मागचे दोन लाल दिवे, मागच्या काचेतून दिसणारी दोन डोकी. उजवीकडे मास्तरांचं टक्कल, डावीकडे बाईंचा अंबाडा. अंबाडा खऱ्यापेक्षा बराच मोठा होता, पण त्याबद्दल बाईंची काही तक्रार नव्हती.

मग थंडी आली. एका सकाळी मास्तर न्हाणीघराच्या दाराशी चक्कर येऊन मटकन खाली बसले. पाणी प्यायले, थोडं पडले आणि उठले. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर "झोप झाली नाही, दुसरं काय," म्हणून त्यांनी विषय उडवून लावला. दोन दिवसांनी बाईही ते विसरल्या.

त्यानंतर नवं चित्र सुरू झालं. मास्तर रोज नाश्ता झाला की घडीची खुर्ची, रंगांची पेटी आणि कॅनव्हास टेकवायचं तिकाटणं गाडीत टाकून निघायचे. गाडी चढावर उभी करायची, नेमकी पिवळ्या फाटकासमोर. आपण मागे, उताराच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचं आणि गाडीचं चित्र काढायचं. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं, सगळी तीच. अख्ख्या गावात दुसरा रस्ता नव्हता की काय! आणि चित्र तरी कसं? उजवीकडची भिंत होती, दिव्याचा खांब होता, झाड पानापानानिशी होतं. गाडीची उजवी बाजू होती, उजवा दिवा होता, काचेत टक्कल होतं. डावीकडे कोरा पांढरा कॅनव्हास. डावा दिवा नाही, डावं चाक नाही. फाटक नाही, घर नाही. अंबाडा तर नाहीच.

बाईंनी तिन्ही चित्रं भिंतीला टेकवून ओळीनं मांडली आणि कमरेवर हात ठेवून पाहत राहिल्या. माणूस ज्या दारात रोज जाऊन बसतो ते दार सोडून बाकी सगळं काढतो, याचा अर्थ समजायला चित्रकला यावी लागत नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं ते हेच. आणि आपलं डोकं गाडीतून उतरवलंय, तेही विचारल्याशिवाय!

एकदा संशय घरात शिरला की त्याला जेवायला वाढावं लागत नाही, तो आपलं आपण शोधून खातो. बाईंना आता जिथे तिथे पुरावे दिसू लागले. मास्तर दाढी करून निघायचे तर डाव्या गालावर खुंट तसेच. घाई, दुसरं काय! रंगांची ताटली त्या धुवायला घेत, तर डाव्या कडेचे रंग पिळल्यासारखे तसेच वाळून टणक झालेले, आणि उजवीकडे तोच निळा, तोच पांढरा पुन्हा पिळलेला. म्हणजे यांचं लक्ष चित्रात नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटून घ्यायचे, वर म्हणायचे, "ही चौकट काय मध्ये आलीय." प्रेमात पडलेल्या माणसाला चौकटी दिसत नाहीत, हे बाईंनी ऐकलं होतं.

जेवणावरून तर एक दिवस कडाक्याचं वाजलं.

"आज भाजी केली नाहीस?" मास्तरांनी विचारलं.

ताटात डाव्या बाजूला भाजी ढीगभर वाढलेली होती. टोमणाच होता तो. बाईंचं पित्त खवळलं. त्यांनी ताट धरलं आणि गर्रकन फिरवून त्यांच्यापुढे आपटलं.

"ही काय मग? माझं डोकं?"

"ही आत्ता वाढलीस," मास्तर शांतपणे म्हणाले आणि सगळी भाजी संपवली.

"आत्ता वाढली! मी इथं मघापासून शेजारी बसलेय, ती दिसत नाही, तर भाजी काय दिसणार!"

मास्तरांनी ताट बाजूला सारलं. चेहरा मात्र असा झाला की जणू त्यांच्याच मनात काही खुपत होतं. खाई त्याला खवखवे, बाई मनात म्हणाल्या.

मग ओरखडा सापडला. गाडीच्या डाव्या दारावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि ओरखड्यात रंग भरलेला होता, पिवळा. बाईंनी नखानं खरवडून पाहिला. म्हणजे गाडी नुसती फाटकासमोर उभी राहत नव्हती, फाटकातून आतही जात होती. मास्तरांना हाताला धरून आणून दाखवलं, तर ते आधी नुसतेच बघत राहिले, मग दारावर बोट फिरवलं आणि भडकले.

"कुठल्या गाढवानं केलं हे?"

"ते गाढव ओळखीचंच असेल," बाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. इतक्या वर्षांत ओरखडा नाही म्हणून मिरवणारा माणूस, आणि नाटक तरी किती छान करत होता!

कपडे द्यायला गेल्या तर इस्त्रीवाल्यानं आगीत तेल ओतलं. "मास्तर काय आता कलाकार झाले बाई," तो म्हणाला. "रोज तिथंच, पिवळ्या फाटकापाशी. परवा मी फाटकाच्या बाजूनं नमस्कार केला, हाक मारली, तर भलतीकडेच बघायला लागले. ओळख सुद्धा दाखवली नाही." बाईंनी कपडे मोजायचेही सोडून दिले.

खुद्द रंगबाई भेटली ती किराणा दुकानात. तिच्या कानांतली कर्णफुलं पाहूनच बाईंचं डोकं फिरलं.

"तुमच्या मास्तरांनी तर कमाल केली हो," ती मोठ्यांदा म्हणाली. "ती डावीकडची मोकळी जागा! सगळे कॅनव्हास भरभरून टाकतात, यांनी अर्धा सोडून दिला. फार धाडस लागतं त्याला."

"धाडस तर दिसतंच आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मी त्यांना एकदाही टोकलं नाही. म्हटलं, हे त्यांचं आतून आलंय."

आतून काय काय आलंय ते मी बघते, असं ठरवून बाई घरी आल्या. रात्रभर त्या कुशीवर कुशी बदलत होत्या. शेजारी मास्तर घोरत होते. त्यांना रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, कारण या वयात असल्या गोष्टीसाठी रडायचं म्हणजे लोकांना सांगायचीही सोय नाही.

सकाळी मास्तर गेले. बाईंनी ओट्यावरचं काम अर्धं टाकलं, चपला घातल्या आणि आडवाटेनं चढाच्या वरच्या अंगाला निघून पिवळ्या फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. रंगेहाथ पकडायचं म्हणजे दारातच पकडायचं.

फाटकाला कुलूप होतं. आत पायऱ्यांवर वाळकी पानं पडलेली. रंगबाई काल संध्याकाळीच गावाला गेली होती, हे गजांना अडकवलेल्या पाटीवर लिहिलेलंच होतं. फाटकाच्या खांबावर एका जागी रंग उडाला होता आणि तिथे निळी रेघ उमटलेली होती. बाई जरा चपापल्या. पण आल्यासारखं तोंडावर काही बोलायलाच हवं होतं. त्या वळल्या आणि मास्तरांकडे तोंड करून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या.

मास्तर समोरच बसले होते, हाक मारली तर ऐकू जाईल इतके जवळ. मान वर करायचे, गाडीकडे बघायचे, मान खाली, ब्रश कॅनव्हासवर. पुन्हा मान वर. नजर बाईंच्या दिशेला यायची, त्यांच्या अलीकडे थांबायची आणि परत जायची. बाईंनी कमरेवर हात ठेवले. मास्तरांनी झाडाला हिरवा रंग दिला. बाईंनी हात हलवला. मास्तरांनी ब्रश पाण्यात बुडवला.

असं सोंग! इतक्या वर्षांच्या बायकोला भर रस्त्यात, उघड्या डोळ्यांनी, नसल्यासारखं करायचं? हिंमत तरी बघा! त्या ताडकन निघाल्या, गाडीच्या पुढून वळसा घालून पलीकडे, उजव्या अंगाला आल्या. दिव्याच्या खांबापाशी पोचल्या मात्र, आणि मास्तरांचा चेहरा उजळला.

"अगं! तू कधी आलीस?"

त्या आवाजात सोंग नव्हतं. सोंग ओळखण्याइतका संसार बाईंनी केला होता. त्या जागच्या जागी थांबल्या. मग काय मनात आलं कोण जाणे, त्या आल्या तशा मागे गेल्या, गाडीच्या पुढून परत फाटकापाशी.

"अगं, कुठे गेलीस?" मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. ते उजवीकडे शोधत होते, झाडामागे, खांबामागे. "ऐकलंस का? कुठे गेलीस?"

बाई त्यांच्यासमोर उभ्या होत्या. हात वर करून उभ्या होत्या.

भाजी, दाढी, चौकट, खांबावरची निळी रेघ, न्हाणीघराशी आलेली ती चक्कर, सगळं एकदम समोर आलं. राग कुठल्या कुठे गेला. त्या जागी भीती आली, आणि भीतीपेक्षा लाज मोठी होती. ज्या माणसाला आपण चोर ठरवून पाळतीवर आलो, त्याची सगळी डावी बाजूच चोरीला गेली होती आणि त्याला पत्ताही नव्हता.

त्या हळूहळू चालत त्यांच्या उजव्या हाताशी आल्या.

"आहे मी," त्या म्हणाल्या. "चित्र दाखवा बघू."

मास्तर जरा लाजले. "पुरं व्हायच्या आधी दाखवायचं नव्हतं तुला. जागा ओळखलीस ना?"

"कुठली जागा?"

"हाच तो चढ. गाडी बंद पडली आणि तू उतरून गेलीस, तो. मला नंतर किती वेळा वाटलं, ओरडायला नको होतं. ते काही बोलून झालं नाही. म्हटलं, आता चित्रात तरी तुला परत गाडीत बसवावं. पण मनासारखं जमतच नव्हतं, म्हणून परत परत काढतोय."

बाईंनी कॅनव्हासवरच्या पांढऱ्या अर्ध्या भागाकडे पाहिलं.

"मी कुठे आहे यात?"

"ही काय," मास्तर म्हणाले आणि बोट घेऊन गेले. बोट टकलावर टेकलं, थोडं पुढे सरकलं, थांबलं. "इथेच आहेस की."

बाईंना ताट आठवलं. त्यांनी तिकाटण्यावरून कॅनव्हास उचलला, उलटा केला, खालची बाजू वर, आणि पुन्हा ठेवला. आता झाडाची मुळं आभाळात होती आणि पांढरी बाजू उजवीकडे आली होती.

मास्तर बघत राहिले. मग त्यांचा आवाज चढला.

"हे कुणी केलं? माझं चित्र कुणी पुसलं?" त्यांनी मान वळवून बाईंकडे पाहिलं. इतके दिवस बाईंच्या डोळ्यांत होता तो संशय आता त्यांच्या डोळ्यांत उतरला होता. "तू पुसलंस? माझ्यावर एवढा राग होता तुझा?"

"मी हात नाही लावला."

"मग ही तुझी जागा कोरी कशी झाली? मी काढली होती! रोज काढत होतो!"

बाईंनी कॅनव्हास पुन्हा सुलटा केला आणि पाण्याच्या डब्यातला फडका पिळून त्यांच्या हातात दिला. "पुसा," त्या म्हणाल्या. "ते झाड पुसून दाखवा."

मास्तरांनी फडका झाडावर घासला. पुन्हा घासला, जोर लावून. पान हललं नाही की फांदी फिकी झाली नाही. फडका पांढराच्या पांढरा राहिला. त्यांचा हात हळू झाला आणि थांबला. वाळलेलं ॲक्रिलिक पुसता येत नाही, हे बाईंना त्यांनीच शिकवलं होतं. कुणी पुसलं नव्हतं. तिथे कधी काही नव्हतंच.

"त्या दिवशी तू जेवताना म्हणालीस," ते खालच्या आवाजात म्हणाले, "शेजारी बसलेय म्हणून. मला आवाज यायचा गं. पण मान वळवावी तर तू नसायचीस. मला वाटायचं, तू मुद्दाम लांब बसतेस. मला विचारायची भीती वाटत होती."

बाईंनी पदरानं त्यांचा डावा गाल पुसला. तिथे हिरवा रंग लागला होता आणि तो वाळून गेला होता.

"चला," त्या म्हणाल्या. "डॉक्टरकडे जायचं. आत्ता."

मास्तरांनी सवयीनं किल्ली काढली. बाईंनी हात पुढे केला. किल्ली द्यायला मास्तरांना किती जड जात होतं ते त्यांच्या बोटांवरून दिसत होतं. गाडीची किल्ली होती ती, पण त्यांच्या आयुष्याचीही होती. मग त्यांनी गाडीच्या डाव्या अंगाला जाऊन चाचपडत दाराला हात घातला, ओरखडा बोटांना लागला, आणि यावेळी गाढव कोण ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी किल्ली बाईंना दिली.

बाई उजव्या बाजूला बसल्या. सीट पुढे ओढली. गाडी चढावर, नाक वर करून उभी. नेमकी त्याच जागी.

"न्यूट्रल आहे का बघ आधी," मास्तर म्हणाले.

"बघितलं."

"क्लच हळू सोडायचा. गाडी थरथरली की मग हँडब्रेक. घाई करायची नाही."

गाडी थरथरली, मागे वीतभर घसरली आणि बंद पडली. बाईंनी डोळे मिटून घेतले. दाराच्या कडीवर त्यांचा हात आपोआप गेला. पण मास्तर ओरडले नाहीत.

"पुन्हा," ते म्हणाले. "मला काही घाई नाही."

दुसऱ्या वेळी गाडी हिसका देऊन निघाली. पिवळं फाटक मागे पडलं, चढ संपला. बाईंनी स्टिअरिंग असं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती.

"डावीकडचा आरसा..." मास्तर बोलता बोलता थांबले.

"डावीकडचं मी बघते," बाई म्हणाल्या. "तुम्ही उजवीकडचं सांगा."

"उजवीकडे," मास्तर म्हणाले, आणि मान वळवून त्यांनी नीट पाहिलं, "उजवीकडे तू आहेस."